घरपोच गॅसचा वाजवी दर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

स्वयंपाकाच्या गॅसविषयीची पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. मात्र अलीकडे आलेल्या पत्रांचा रोख बहुतेक एकाच गोष्टीवर आहे, ती म्हणजे घरपोच गॅससाठी नेमके किती पैसे मोजावेत. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमची इमारत जुनी आहे, लिफ्ट नाही आणि आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. गॅसच्या पावतीवर ८५२ रुपये ५० पैसे छापलेले असतात. पण सिलिंडर आणणारा माणूस सरळ ९०० रुपये घेतो आणि मजले चढण्याचे पैसे वेगळे असतात असे सांगतो. एजन्सीत विचारले, तर “ते तुमचे तुम्ही बघा” असे उत्तर मिळाले. खरा दर कोणता मानायचा?
(एक वाचक, गोरेगाव, मुंबई)

उत्तर : पावतीवर छापलेला. त्याहून एक रुपयाही अधिक देण्याचे बंधन आपल्यावर नाही, मग आपण तळमजल्यावर राहत असा वा सातव्या मजल्यावर.

आपण लिहिलेला आकडा ८ एप्रिल २०२५ रोजी घरगुती सिलिंडरच्या दरात झालेल्या ५० रुपयांच्या वाढीनंतर मुंबईत लागू झालेला आहे. हा अंक आपल्या हाती पडेपर्यंत दर बदललेला असू शकतो, म्हणून नंबर लावण्यापूर्वी आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर आपल्या जिल्ह्याचा त्या दिवशीचा दर पाहून घ्यावा. इंडेन, भारत गॅस आणि एचपी गॅस या तिन्ही सरकारी कंपन्यांचे दर तेथे जाहीर असतात. जिल्हा म्हणण्याचे कारण असे की, राज्यभर एकच दर नसतो. मुंबईला तेलशुद्धीकरण कारखाने आहेत आणि उरणसारखा सिलिंडर भरण्याचा प्रकल्प हाकेच्या अंतरावर आहे. नागपूर किंवा गडचिरोलीपर्यंत गॅस पोहोचवण्याचा खर्च अधिक येतो, म्हणून तिकडचा छापील दरही मुंबईपेक्षा जास्त असतो. नागपूरच्या नातेवाइकाने सांगितलेला आकडा ऐकून आपल्या एजन्सीने फसवले किंवा उपकार केले, असा निष्कर्ष काढू नये.

आता मजल्यांच्या पैशांविषयी. छापील किरकोळ दरात वितरकाचे कमिशन धरलेले असते आणि त्या कमिशनचे दोन भाग असतात : एक दुकान, गोदाम व कर्मचारी सांभाळण्याचा, आणि दुसरा सिलिंडर घरपोच देण्याचा. म्हणजे घरी आणून देण्याचे पैसे आपण पावतीतच भरलेले असतात. याची दुसरी बाजू फारच थोड्या ग्राहकांना ठाऊक असते. एखाद्याने गोदामावर जाऊन स्वतः सिलिंडर उचलला, तर घरपोच देण्याची रक्कम पावतीतून वजा करून घेण्याचा त्याला हक्क आहे. बहुतेक एजन्सी ही सवलत आपण होऊन सांगत नाहीत, मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि मागितली तरी आधी कपाळाला आठ्या घालतात.

एक अपवाद नोंदवला पाहिजे. २००९ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण वितरक योजनेतील एजन्सींची रचनाच मुळात अशी होती की, ग्राहकाने गोदामावरून सिलिंडर न्यावा. अशा गावांत एखादा टेम्पोवाला वाडीवस्तीपर्यंत सिलिंडर पोहोचवत असेल, तर ते भाडे गॅसच्या दराचा भाग नसून त्याच्याशी स्वतंत्रपणे ठरवलेला व्यवहार असतो, आणि तेथे घासाघीस करणे गैर नाही. आपला प्रश्न मुंबईचा आहे. तेथे हा अपवाद लागू होत नाही.

सिलिंडर आणणाऱ्या माणसाविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. भरलेली टाकी सुमारे तीस किलोची असते. ती खांद्यावर घेऊन चार मजले चढणे हे सोपे काम नाही, आणि अनेक ठिकाणी ही माणसे एजन्सीच्या पगारावर नसून सिलिंडरमागे ठरलेल्या तुटपुंज्या पैशांवर राबतात. आपण खुशीने वीस रुपये त्याच्या हातावर ठेवलेत, तर त्यात काहीच वावगे नाही. आमच्याही मते ते द्यावेत. परंतु खुशीने दिलेले पैसे आणि दर म्हणून वसूल केलेले पैसे यांत फरक आहे, आणि हा फरक पुसला जाणे एजन्सीच्या मालकाच्या सोयीचे असते. घरपोच देण्याची रक्कम त्याच्या कमिशनमध्ये जमा होते आणि ती मजुरी आपल्याकडून दुसऱ्यांदा घेतली जाते. सिलिंडरमागे ४७ रुपये ५० पैसे आणि वर्षाला दहा सिलिंडर धरले, तर हा वरकड खर्च ४७५ रुपये होतो. म्हणजे अर्ध्या सिलिंडरहून अधिक.

उपाय साधा आहे. नंबर लावतानाच ऑनलाइन पैसे भरून टाकावेत, म्हणजे दारात सुट्ट्या पैशांचा विषय निघत नाही. त्यानंतरही पैसे मागितले गेले, तर “एजन्सीने पावतीवर लिहून द्यावे” एवढेच म्हणावे. असे कोणीही लिहून देत नाही. तक्रार करायची झाल्यास तिन्ही कंपन्यांसाठी १८००-२३३३-५५५ हा निःशुल्क क्रमांक आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रारीत पावतीचा क्रमांक, तारीख आणि प्रत्यक्ष घेतलेली रक्कम या तीन गोष्टी असाव्यात. “आमची नेहमीच लूट होते” अशा मोघम तक्रारीचे पुढे काहीही होत नाही. तालुक्याच्या ठिकाणी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेकडे आणि मुंबई-ठाण्यात शिधावाटप यंत्रणेकडेही दाद मागता येते. द्रवरूप पेट्रोलियम वायूच्या पुरवठ्याविषयीच्या २००० सालच्या केंद्रीय आदेशानुसार एजन्सीने आपल्या जागेत दर आणि साठा यांचा फलक लावणे अपेक्षित आहे. तक्रारीला जाण्यापूर्वी त्या फलकाचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवावे. फलक नसेल, तर तीच आणखी एक तक्रार होते.

एवढे करूनही एजन्सी दाद देत नसेल, तर ती बदलता येते. आपल्या परिसरात सेवा देणाऱ्या दुसऱ्या वितरकाकडे, अगदी दुसऱ्या कंपनीच्याही, जोडणी नेण्याची सोय आहे आणि त्यासाठी हस्तांतरण शुल्क लागत नाही. कंपनी बदलताना मात्र जुना सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करावा लागतो.

प्रश्न : पूर्वी आमचा सिलिंडर चाळीस दिवस सहज पुरत असे. आता तो तिशीच्या आत संपतो. घरात माणसे तेवढीच आणि स्वयंपाकही तेवढाच. सील तर व्यवस्थित असते. गॅस कमी भरलेला असतो का आणि ते ओळखायचे कसे?
(एक वाचिका, इचलकरंजी)

उत्तर : दर वाजवी आहे की नाही, हे केवळ रुपयांवरून ठरत नाही. आपण पैसे मोजतो ते टाकीचे नव्हे, तिच्यातील १४.२ किलो गॅसचे. मुंबईचा वर दिलेला दर धरला, तर एक किलो गॅसला साधारण ६० रुपये पडतात. टाकीत दोन किलो गॅस कमी असेल, तर आपल्या खिशाला १२० रुपयांची चाट बसते, आणि ती पावतीवर कोठेही दिसत नाही. मजल्याचे पन्नास रुपये मागणारा निदान तोंडावर मागतो. काटामारी बिनबोभाट चालते. म्हणूनच आम्ही वाचकांना सांगतो की, दराविषयी वाद घालण्याआधी वजन पाहावे.

वजन पाहण्याची रीत अशी. टाकीच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या ज्या उभ्या पट्ट्या असतात, त्यांवर रिकाम्या टाकीचे वजन लिहिलेले असते. समजा तेथे १५.४ हा आकडा आहे. त्यात १४.२ मिळवले की २९.६ किलो होतात. नियमानुसार दीडशे ग्रॅम इकडेतिकडे चालतात, म्हणजे काटा २९.४५ च्या खाली जाता कामा नये. सिलिंडर देणाऱ्याने स्वतःजवळ वजनकाटा बाळगणे आणि ग्राहकाने मागणी केल्यास दारात वजन करून दाखवणे बंधनकारक आहे. टाकी अडकवण्याआधी रिकामा काटा शून्यावर आहे का ते पाहावे, टाकी जमिनीला किंवा भिंतीला टेकलेली नाही याची खात्री करावी आणि ती झुलायची थांबल्यावरच आकडा वाचावा. पट्टीवरचा आकडा नव्याने रंगवल्यासारखा दिसत असेल, तर त्याच ठिकाणी ठोकून उमटवलेला आकडा बोटाने चाचपून पाहावा, कारण रंग बदलणे सोपे असते.

“काटा गाडीत राहिला आहे” हे उत्तर आपल्याला हमखास मिळेल. गाडी खालीच उभी असते. काटा आणायला सांगावे. तोवर घरात माणसांचे वजन करण्याचा काटा असल्यास टाकी त्यावर उभी करून पाहावी. तो काटा कायद्याच्या दृष्टीने ग्राह्य नसला, तरी दोन किलोंची तूट त्यावर लपत नाही.

सील शाबूत असल्याने निश्चिंत राहू नये. भरलेल्या टाकीतून थोडा थोडा गॅस दुसऱ्या टाकीत उतरवून पुन्हा सील बसवण्याचे उद्योग पोलिसांनी वेळोवेळी उघडकीस आणले आहेत, आणि त्या टाक्यांची सीलेही पाहणाऱ्याला ठाकठीकच वाटत.

आणखी एक गोष्ट अलीकडे महत्त्वाची झाली आहे. नंबर लावल्यावर आपल्या मोबाइलवर चार आकडी सांकेतिक क्रमांक येतो. तो सांगणे म्हणजे “सिलिंडर मिळाला” अशी सही करणे होय. वजन पाहण्याआधी तो सांगू नये, आणि फोनवरून तर कधीच सांगू नये. सिलिंडर दारात न येताच तो आपल्या नावावर पोहोचल्याची नोंद होते आणि प्रत्यक्षात परस्पर दुसरीकडे विकला जातो, असे प्रकार याच वाटेने घडतात. वजन कमी भरले, तर सिलिंडर घेऊ नये आणि क्रमांकही देऊ नये. वजनाची तक्रार कंपनीबरोबरच वैधमापनशास्त्र विभागाकडे करावी, कारण मापात पाप करणाऱ्यावर कारवाई करण्याचा अधिकार त्या विभागाला आहे.

वजन बरोबर निघाले आणि तरीही गॅस लवकर संपू लागला, तर कारण घरातच असते. ज्योत निळी न राहता पिवळी पडत असेल, भांड्यांच्या बुडाला काजळी धरत असेल, तर बर्नर साफ करून घ्यावा. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी. गॅसचा वास येत असेल, तर हिशेब करत बसू नये. रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणांना हात लावू नये आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. तो क्रमांक गळतीसाठीच आहे.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो आणि मित्रांबरोबर भाड्याच्या खोलीत राहतो. भाडेकरार घरमालकाने अजून केलेला नाही, त्यामुळे जोडणी मिळत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात लहान टाकी किलोच्या भावाने भरून मिळते. दर जास्त आहे. तो वाजवी समजावा का?
(एक वाचक, हडपसर, पुणे)

उत्तर : त्या व्यवहाराला वाजवी दरच नसतो, कारण तो व्यवहार बेकायदा आहे. त्या दुकानातील गॅस बहुधा घरगुती सिलिंडरमधूनच काढलेला असतो, म्हणजे मागच्या पत्रातील वाचिकेच्या टाकीत जे कमी पडते, ते येथे किलोच्या भावाने विकले जाते. शिवाय भरताना टाकी उलटी करून नळीने जोडण्याची जी पद्धत आपण पाहिली असेल, तिच्यामुळे माणसे होरपळली आहेत.

कंपन्यांच्या पाच किलोंच्या सिलिंडरचा एक प्रकार पत्त्याच्या पुराव्याशिवाय, केवळ ओळखपत्रावर मिळतो. इंडेनने त्याला “छोटू” असे नाव दिले आहे. तो एजन्सीत, काही पेट्रोल पंपांवर आणि निवडक दुकानांत उपलब्ध असतो. त्याचा किलोमागचा दर घरगुती सिलिंडरपेक्षा बराच जास्त पडतो, कारण तो सरकारने आवाक्यात ठेवलेल्या घरगुती दराने विकला जात नाही. तरीही त्यात वजन पूर्ण असते, टाकी तपासलेली असते आणि पावती मिळते. भाडेकरार झाला की त्याच दिवशी रीतसर घरगुती जोडणीसाठी अर्ज करावा. घरगुती दराने मिळणारा पाच किलोंचा सिलिंडरही असतो. एकट्यादुकट्या माणसाला तो सोयीचा पडतो.

प्रश्न : आम्ही पेनसिल्व्हेनियाच्या ग्रामीण भागात नुकतेच घर घेतले. येथे पाइपचा गॅस नाही. अंगणात ५०० गॅलनची प्रोपेनची टाकी असून ती गॅस कंपनीची आहे. कंपनीचा टँकर येऊन ती भरतो. आम्हाला गॅलनला ४ डॉलर १० सेंट पडले, तर शेजाऱ्याला २ डॉलर ७० सेंट. आम्हाला नवखे पाहून फसवले का? भारतातल्यासारखा येथे छापील दर नसतो का?
(एक वाचिका, अमेरिका)

उत्तर : नसतो, आणि सारी गोम तेथेच आहे. आपल्याकडे ग्राहकाची लढाई छापील दर पाळला जावा यासाठी असते; अमेरिकेत घरगुती प्रोपेनचा दर प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते आणि एकाच रस्त्यावरच्या दोन घरांना एकच कंपनी दोन दर लावू शकते. म्हणून तेथे दर विचारून, तुलना करून आणि करार वाचून मिळवावा लागतो.

पहिला प्रश्न टाकी कोणाची, हा आहे. आपली टाकी कंपनीच्या मालकीची आहे. तेथील सुरक्षा नियमांनुसार टाकी तिच्या मालकाने किंवा मालकाच्या परवानगीनेच भरायची असते. म्हणजे जोवर ती टाकी अंगणात आहे, तोवर शेजारच्या कंपनीचा दर कितीही कमी असला, तरी तिचा टँकर आपल्या टाकीला नळी लावणार नाही. टाकी भाड्याने फुकट किंवा नाममात्र दिली जाते, ती याच कारणाने. शेजाऱ्याची टाकी स्वतःची असण्याची शक्यता बरीच आहे. त्यांना एवढे एकच विचारून पाहावे. घर घेताना जुन्या मालकाचा करार आपल्याकडे आपोआप आला की आपण नवा केला, हेही तपासावे. कंपनी टाकी विकण्यास तयार आहे का, किती किमतीला, आणि करार मध्येच मोडल्यास टाकी उचलून नेण्याचे व उरलेला गॅस काढून घेण्याचे किती पैसे लागतील, हे लेखी मागवावे.

दुसरा प्रश्न वापराचा आहे. टँकर आपल्या घरापर्यंत आणण्याचा खर्च कंपनीला शंभर गॅलनसाठीही तेवढाच येतो आणि तीनशे गॅलनसाठीही तेवढाच. त्यामुळे ज्याचे घर प्रोपेनवर तापते, त्याला गॅलनचा दर कमी मिळतो आणि ज्याच्याकडे केवळ शेगडी चालते, त्याला जास्त. आपण हिवाळाभर घर प्रोपेनवरच तापवणार असाल आणि कंपनीने आपल्याला लहान ग्राहकाच्या गटात टाकले असेल, तर दर बदलून मागण्यास हेच सबळ कारण आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे बिलावरील किरकोळ ओळी. धोकादायक माल हाताळण्याचे शुल्क, टँकरच्या इंधनाचा अधिभार, प्रत्येक फेरीचे शुल्क, टाकीचे वार्षिक भाडे, ठरलेल्यापेक्षा कमी गॅस वापरल्याचा दंड अशा ओळी गॅलनच्या दराबाहेर असतात. तुलना करताना त्या सर्व मिळवून एकूण रकमेला गॅलनने भागावे. फोनवर २ डॉलर ५० सेंट सांगणारी कंपनी या हिशेबात २ डॉलर ९० सेंट सांगणाऱ्या कंपनीपेक्षा महाग निघाल्याचे आढळू शकते. पहिल्या वर्षापुरता कमी दर देऊन दुसऱ्या वर्षी तो गुपचूप वाढवण्याची चालही जुनीच आहे. म्हणून “पुढच्या वर्षी दर कशाच्या आधारावर ठरेल” हा प्रश्न करारापूर्वी विचारावा.

वाजवी म्हणजे किती, याचा अंदाज येण्यासाठी अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाचे आकडे वापरता येतात. ऑक्टोबर ते मार्च या काळात दर आठवड्याला तेथील राज्याराज्यांतील घरगुती प्रोपेनचा सरासरी दर प्रसिद्ध होतो. टेक्सासमधील माँट बेल्व्यू येथील घाऊक दरही त्यांतच मिळतो. घाऊक दर आणि आपला दर यांतील अंतर पाहावे. घाऊक दर उतरला असतानाही आपला दर जागचा हलत नसेल, तर फोन उचलून थेट तसे सांगावे. चार कंपन्यांचे लेखी दर हाती असलेला ग्राहक सोडून जाऊ नये, याची काळजी कंपन्या घेतात.

खरेदी कधी करावी, हेही महत्त्वाचे आहे. मागणी हिवाळ्यात चढते, म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस टाकी भरून घेणे बहुतेक वर्षी स्वस्त पडते. २०१३-१४ च्या हिवाळ्यात काय घडले, ते तेथील जुन्या रहिवाशांना आजही आठवत असेल. त्या वर्षी मध्यपश्चिमेत मक्याचे पीक मोठे आणि ओलसर आले, ते वाळवण्यात प्रोपेनचा साठा खर्ची पडला आणि पाठोपाठ कडाक्याची थंडी आली; जानेवारीच्या अखेरीस घरगुती दराची राष्ट्रीय सरासरी गॅलनला ४ डॉलरवर गेली. ज्यांनी दर आधीच बांधून घेतला होता, ते त्या लाटेतून वाचले. दर बांधून घेण्याचे दोन प्रकार असतात : एकात ठरावीक गॅलनचे पैसे आगाऊ भरायचे, दुसऱ्यात दराला वरची मर्यादा घालून घ्यायची. आम्हाला दुसरा अधिक बरा वाटतो, कारण दर उतरले तर त्याचा लाभ मिळतो आणि कंपनी बुडाली तर आगाऊ दिलेले पैसे अडकत नाहीत. त्यासाठी थोडे शुल्क द्यावे लागते.

वजनाचा मुद्दा तेथेही सुटत नाही, फक्त तो गॅलनमध्ये मोजला जातो. प्रोपेन उष्णतेने फुगतो, म्हणून टाकी ८० टक्क्यांपर्यंतच भरतात. आपल्या ५०० गॅलनच्या टाकीत ४०० गॅलनच मावतात. झाकण उघडल्यावर दिसणारा टक्क्यांचा काटा टँकर येण्यापूर्वी आणि गेल्यानंतर वाचून लिहून ठेवावा. काटा ३० वरून ८० वर गेला, तर साधारण २५० गॅलन आत गेले. तपमानामुळे थोडा फरक पडतो आणि हा काटा फार अचूकही नसतो. पण टँकरच्या मीटरने छापलेल्या पावतीवर ३०० आले असतील, तर जाब विचारण्यास जागा आहे. काटा ३० टक्क्यांवर आला की मागणी नोंदवावी. टाकी कोरडी पडली, तर तातडीच्या फेरीचे पैसे आणि पुन्हा गॅस सुरू करण्यापूर्वीच्या गळती तपासणीचे पैसे असा दुहेरी भुर्दंड बसतो, आणि वर्षभर सेंटासेंटाने केलेली बचत एका दिवसात जाते.

“आपल्याकडचा गॅस तिकडे स्वस्त मिळत नाही का” अशी शंका भारतातल्या घरच्या मंडळींना नेहमी येते, म्हणून लिहितो. भारतातील सिलिंडरमध्ये ब्यूटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असते. ब्यूटेनची वाफ शून्य अंशाच्या आसपास होईनाशी होते, तर प्रोपेनची उणे ४२ अंशांपर्यंत होत राहते. पेनसिल्व्हेनियाच्या जानेवारीत अंगणातल्या टाकीत ब्यूटेन असते, तर चूल पेटली नसती. तेव्हा घरून तसा प्रश्न आल्यास हे उत्तर द्यावे.

प्रश्न : नवीन जोडणीसाठी गेलो असता एजन्सीने शेगडी, लायटर आणि चहाची पाकिटे घेण्याची सक्ती केली. एकूण खर्च दुपटीच्या घरात गेला. हे योग्य आहे का?
(एक वाचक, सिन्नर, जि. नाशिक)

उत्तर : योग्य नाही. जोडणीसाठी शेगडी किंवा इतर कोणतीही वस्तू एजन्सीकडूनच घेण्याची सक्ती करता येत नाही. शेगडी बाहेरून घेतली असेल, तर ती आयएसआय चिन्हाची आहे ना, एवढे एजन्सी पाहू शकते. जून २०२२ मध्ये १४.२ किलोंच्या सिलिंडरची अनामत २,२०० रुपये आणि रेग्युलेटरची २५० रुपये करण्यात आली. त्यांखेरीज पहिल्या भरलेल्या सिलिंडरची किंमत, सुरक्षा नळी, पुस्तिका आणि जोडणी बसवण्याचे शुल्क एवढेच पैसे लागतात. प्रत्येक बाबीची वेगळी पावती मागावी. चहाच्या पाकिटाची पावती मागितली की बहुतेक वेळा ते पाकीट टेबलाखाली परत जाते.

अनामतीचा कागद मात्र जपून ठेवावा. पुढे कधी जोडणी परत केली, तर त्या दिवशीच्या अनामतीइतके नव्हे, तर त्या कागदावर लिहिलेले तेवढेच पैसे परत मिळतात, आणि कागद हरवला असेल, तर त्यासाठी एजन्सीच्या फेऱ्या आणि प्रतिज्ञापत्र आले.